प्रेस्टन, आयडाहो: नेपोलियनच्या गावी, पेद्रोसाठी

उत्तर युटाहमधील ब्रिगम सिटीहून लोगनकडे जाणारा रस्ता सार्डीन कॅन्यनच्या घाटातून वर चढतो आणि वेल्सव्हिलच्या बाजूला उतरू लागला की कॅश व्हॅली हे दोन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले सपाट खोरे एकाएकी समोर येते. हे खोरे युटाहमध्ये सुरू होते आणि आयडाहोत जाऊन संपते. त्याच्या उत्तर भागात, सॉल्ट लेक सिटीपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, प्रेस्टन हे पाच-साडेपाच हजार वस्तीचे शेतकऱ्यांचे गाव आहे. २००३ च्या जुलै महिन्यात जेरेड हेस या तरुण दिग्दर्शकाने ‘नेपोलियन डायनामाइट’ हा आपला पहिला मोठा चित्रपट येथे चित्रित केला, म्हणून मीही मुद्दाम जुलैतच गेले.

या चित्रपटाविषयी मराठीत फारसे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही, त्यामुळे थोडे सांगणे आवश्यक आहे. नेपोलियन हा कुरळ्या केसांचा, सदा चिडलेला, तोंड अर्धे उघडे ठेवून बोलणारा शाळकरी मुलगा. आजीच्या घरी थोरल्या भावाबरोबर राहतो. आजी जखमी होऊन रुग्णालयात गेल्यावर १९८२ सालच्या अमेरिकन फुटबॉलच्या आठवणींतून बाहेर न पडलेला रिको काका घरात येऊन बसतो. शाळेत पेद्रो नावाचा मेक्सिकोहून आलेला मुलगा दाखल होतो, दोघांची मैत्री होते आणि पेद्रो विद्यार्थी-अध्यक्षपदाची निवडणूक लढवतो. सांगण्यासारखी कथा एवढीच. सुमारे चार लाख डॉलरमध्ये झालेला हा चित्रपट २००४ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि पुढे त्याने साडेचार कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली.

मी तो पाहिला तेव्हा अकरावीत होते. पुण्यातल्या मावसभावाने आणलेल्या डीव्हीडीवर, इंग्रजी उपशीर्षके वाचत आम्ही भावंडांनी तो पाहिला. त्यातला एक प्रसंग आमच्या घरात वर्षानुवर्षे गाजला. शेतीविषयक स्पर्धेत मुलांपुढे दुधाचे पेले ठेवतात आणि त्यातला दोष चवीवरून ओळखायला सांगतात. नेपोलियन एक घोट घेऊन सांगतो की ही गाय कांद्याच्या वाफ्यात शिरली होती, आणि परीक्षक गंभीरपणे ते बरोबर असल्याचे जाहीर करतात. भावंडांपैकी इतरांना हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटला. माझे वडील तालुक्याच्या दूध संघात होते. संकलन केंद्रावर कॅनचे झाकण उघडून आधी वास घ्यायचा आणि मग फॅट लावायचे, हे मी लहानपणापासून पाहिले होते. कांद्याच्या हंगामात जनावरांना पात घातली की दूध परत जायचे, हेही ठाऊक होते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या एका मुलाला आमच्या केंद्रावरची विद्या येते, याचा मला विलक्षण आनंद झाला होता. माझे नेपोलियनवरचे प्रेम तेथून सुरू झाले.

प्रवासाच्या आदल्या रात्री लोगनच्या हॉटेलात मी तो चित्रपट पुन्हा पाहिला. दुधाच्या प्रसंगाला तितकेच हसू आले. एका ठिकाणी मात्र मी चित्रपट थांबवून मागे नेला. निवडणुकीतली प्रतिस्पर्धी समर हिच्या चेहऱ्याची पिन्याटा, म्हणजे आत गोळ्या भरलेली कागदी बाहुली, पेद्रो शाळेत फोडायला ठेवतो. मुख्याध्यापक त्याला बोलावून घेतात आणि तुमच्या हुआरेझमध्ये काय चालते ते मला माहीत नाही, पण इथे आयडाहोत आम्हाला आमचा अभिमान आहे, अशा अर्थाचे सुनावतात. अकरावीत या वाक्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो. आता अमेरिकेत बरीच वर्षे काढल्यावर ‘तुमच्याकडे’ आणि ‘आमच्याकडे’ हे दोन शब्द एकाच वाक्यात किती सहज येतात आणि ऐकणाऱ्याने तेव्हा चेहरा कसा ठेवायचा असतो, हे मला चांगले माहीत आहे. पेद्रोचे काम करणाऱ्या एफ्रेन रामिरेझने तो चेहरा अचूक ठेवला आहे. तो वाद घालत नाही, मान खाली घालत नाही, समजावूनही सांगत नाही. ऐकून घेतो, आणि निवडणूक सोडत नाही.

सकाळी महामार्ग ९१ ने उत्तरेकडे निघाले. राज्यसीमा ओलांडली की लगेच फ्रँकलिन लागते. १८६० मध्ये वसलेले हे गाव आयडाहोतील सर्वांत जुनी कायमची गोरी वसाहत मानले जाते, आणि ते वसवणाऱ्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांचा समज आपण युटाहमध्येच आहोत असा होता. १८७२ च्या मोजणीनंतर त्यांना आपले गाव सीमेच्या पलीकडे असल्याचे कळले. प्रेस्टनचे मूळ नाव वर्म क्रीक. त्या नावाचे ऑपेरा हाऊस आजही गावात आहे.

गावाच्या मुख्य रस्त्यावर पाहण्यासारखे फार नाही, आणि मी तेथे फार थांबलेही नाही. गावाबाहेर पडल्यावर मात्र गाडी कडेला लावून दीड-दोन तास पायी फिरले. दोन्ही बाजूंना लसूणघासाची शेते होती, काही नुकतीच कापलेली, गवताचे चौकोनी भारे अजून शेतातच. तुषार सिंचनाची येथली पद्धत मी प्रथमच जवळून पाहिली. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब ॲल्युमिनियमचा पाइप जातो आणि माणसाच्या खांद्याला लागतील अशा मोठ्या चाकांच्या आसाचे कामही तोच पाइप करतो. एका पट्ट्याचे पाणी झाले की मधले छोटे इंजिन सुरू करतात आणि ती अख्खी रांग पुढच्या पट्ट्यावर सरकते. तोटीतून टक-टक-टक असा आवाज करीत पाणी फिरत होते, वाऱ्याने त्याचे थेंब रस्त्यापर्यंत येत होते आणि मागे निळसर डोंगरांची भिंत होती. हेसच्या दृश्यांची मांडणी कोठून आली, ते येथे समजते. त्याचा कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. माणूस चौकटीच्या मधोमध उभा असतो आणि त्याच्या डोक्यावर भरपूर आकाश असते. ही केवळ शैली असावी, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. या रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणाचेही छायाचित्र काढले तर ते तसेच येईल.

हेस येथेच वाढला, प्रेस्टन हायस्कूलमध्येच शिकला आणि सुटीत रिकाम्या असलेल्या आपल्याच शाळेत त्याने चित्रीकरण केले. पटकथा त्याने पत्नी जेरुशा हिच्याबरोबर लिहिली. चित्रपटातील टीना ही हट्टी लामा (उंटाच्या कुळातले लोकरी जनावर) त्याच्या आईकडची होती. नेपोलियनचे घर गावाबाहेर आजही उभे आहे, पण ते कोणाचे तरी राहते घर आहे, त्यामुळे मी तिकडे वळले नाही आणि जाणाऱ्यांनीही वळू नये असे मला वाटते. टेटर टॉट्स, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले छोटे गोळे, मात्र मनसोक्त खाल्ले. नेपोलियन ते पँटच्या खिशात भरून वर्गात नेतो. गरम असताना बाहेरून करकरीत आणि आतून मऊ असतात, निवले की चिवट होतात. तो तसले का खात असेल, हे कोडे काही सुटले नाही. २००५ मध्ये आयडाहोच्या विधिमंडळाने या चित्रपटाच्या निर्मात्यांच्या अभिनंदनाचा ठराव केला, त्यात बटाट्याच्या या प्रसिद्धीचाही आवर्जून उल्लेख आहे.

दुपारी गावाच्या वायव्येला बेअर नदीच्या काठी गेले. २९ जानेवारी १८६३ रोजी येथे अमेरिकी लष्करातील कर्नल कॉनरच्या सैन्याने शोशोनी या मूळ रहिवासी जमातीच्या हिवाळी वस्तीवर हल्ला करून स्त्रिया आणि मुलांसह शेकडो माणसे मारली. महामार्गालगत १९३२ साली उभारलेल्या स्मारकावरच्या जुन्या फलकात या घटनेला लढाई म्हटले आहे. २०१८ मध्ये शोशोनींच्या वायव्य शाखेने या जागेतील साडेपाचशे एकरांच्या आसपास जमीन विकत घेतली. आपल्याच पूर्वजांची भूमी त्यांना पैसे मोजून घ्यावी लागली. चित्रपटात यातले काही नाही, असायचे कारणही नाही. पण मुख्याध्यापकांचे ‘इथे आमच्याकडे’ माझ्या डोक्यात होते, आणि या खोऱ्यात ते शब्द फार जपून उच्चारावेत असे मला त्या काठावर तीव्रतेने वाटले.

शेवटी शाळेपाशी आले. दारे बंद होती. चित्रपटाचा कळस याच शाळेतल्या रंगमंचावर घडतो. भाषणानंतर उमेदवाराने काहीतरी करून दाखवायचे असते, आणि हे पेद्रोला आयत्या वेळी कळते. तेव्हा नेपोलियन ध्वनिफीत पुढे करून स्वतः रंगमंचावर जातो आणि जमिरोक्वाय या ब्रिटिश बँडच्या गाण्यावर एकटा नाचतो. चित्रीकरणाच्या वेळी फिल्मचे जेमतेम एक रीळ उरले होते. नेपोलियनचे काम करणाऱ्या जॉन हेडरने वेगवेगळ्या गाण्यांवर आपल्या मनाने नाच केला आणि त्यातूनच हा प्रसंग जुळवला गेला. पूर्वी मला यात नेपोलियनचा विजय दिसत असे. तो त्याचा आहेच, परंतु तो नाचतो पेद्रोसाठी. स्वतःचे हसे होण्याची सवय असलेला मुलगा ती जोखीम मित्राच्या वतीने पत्करतो, बोलून काही न दाखवता, आणि नाच संपताच पळून जातो. टाळ्या पडतात तेव्हा तो रंगमंचावर नसतो.

पेद्रो निवडून येतो. त्याचे भाषण आठवून पाहिले तर त्यात मुख्याध्यापकांना उत्तर नाही, आपण कोठून आलो याचे स्पष्टीकरण नाही; मला मते द्या, तुमची सगळी स्वप्ने खरी होतील, असे तो शेवटी जरा घाबरत सांगतो. इतर कोणताही उमेदवार जे आश्वासन देईल तेच, आणि तितक्याच हक्काने.