पाणी आलं नाही, चूक आमची

सोमवार, 9 फेब्रुवारी

आज शाळा भरायच्या आधीच फाटकाशी पाच-सहा बायका उभ्या होत्या. भांडायला आल्या नव्हत्या, आणि मला तेच जास्त लागलं. त्यातली एक म्हणाली, "मॅडम, तुमच्या रेडिओवर सांगितलं म्हणून जागलो की ओ आम्ही." एवढंच. बाकीच्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

शनिवारी सकाळच्या शाळेत सव्वादहाला नेहमीप्रमाणे मुलांचा रेडिओ, म्हणजे शाळेच्या स्पीकरवरचा त्यांचा कार्यक्रम, लागला. गाणं झालं, आठवड्याचं कोडं झालं, आणि शेवटी 'आपली गल्ली' या भागात आठवीतल्या मुलाने वाचलं, "उद्या पहाटे चार वाजता आपल्या भागात पाणी सुटणार आहे." स्वच्छ, ठाम आवाज. याच आवाजासाठी आम्ही त्याला निवडलंय.

सोलापुरातल्या आमच्या भागात चार-पाच दिवसांतून एकदा नळ येतो. कधी पहाटे, कधी रात्री अकराला. रविवारी पहाटे चारला नळ कोरडा होता, सातलाही कोरडाच. पाणी आलं दुपारी दोनच्या पुढे. जी बाई माझ्याशी बोलली ती बिड्या वळते, नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आहे. तिच्या भावकीतलं लग्न अक्कलकोटला होतं. पाणी येणार म्हणून तिने पहाटेची गाडी सोडली. तीनला उठून घागरी, कळश्या, पिंप सगळं दारात मांडून बसली. शेवटी कंटाळून निघाली, तर हळद होऊन गेली होती. इकडे पाणीही येऊन गेलं.

ही बातमी मुलाने आणली होती किराणा दुकानातून. दुकानात कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, ते याने ऐकलं. कार्यक्रमाचा कागद मी वाचला होता. त्यावर माझी सही आहे.

मंगळवार, 10 फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत सगळ्या चमूला रेडिओच्या खोलीत बसवलं.

ही खोली म्हणजे पूर्वीची प्रयोगशाळेची अडगळ. पलीकडच्या भिंतीला लागूनच मागांचा कारखाना आहे, दिवसभर खटाखट चालू. पहिल्या वर्षी काहीही रेकॉर्ड केलं तरी मुलांच्या आवाजाखाली लूमच वाजायचा. मग पालकांपैकी कुणी कुणी डाग पडलेल्या, विणीत चूक झालेल्या सेकंडच्या चादरी आणून दिल्या. आज चारही भिंतींवर चादरीच चादरी आहेत. मोर, हत्ती, गुलाबांच्या वेली. आवाज पुष्कळ कमी झाला, पण जमिनीतून येणारी थरथर काही गेली नाही. टेबलावर मोबाइल ठेवला तर तो हळूहळू कडेला सरकतो, म्हणून मुलांनी त्याच्याखाली टॉवेलची घडी ठेवलीय. सोलापुरात स्टुडिओ बांधायला दुसरं काय लागतं! चादर आहे, टॉवेल आहे.

बाकी सामान म्हणजे एक जुना अॅम्प्लिफायर, दोन कॉलर माइक, वऱ्हांड्यात स्पीकरचे चार बॉक्स आणि फाटकावर एक. शाळा सुटायच्या वेळी आया पोरांना घ्यायला येतात, त्या फाटकावरच्या बॉक्सखाली उभ्या राहून ऐकतात. तीच फाइल नंतर पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर जाते. मुलं याला रेडिओ म्हणतात, आता सगळी गल्लीही म्हणते.

सुरुवातीला सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, "मॅडम, पाणी आपण थोडंच सोडतो?" दुसरा म्हणाला, "आणि आपण काय मुद्दाम खोटं बोललो का?" दोघांचंही खरं होतं. वाचणारा मुलगा मात्र खाली बघून चादरीचा सुटलेला दोरा ओढत बसला होता. तो एक शब्द बोलला नाही.

मी त्यांना गेल्या महिन्याची आठवण दिली. 12 जानेवारीला हुतात्मा दिनाचा कार्यक्रम याच मुलांनी केला. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्मा चौकातून रोज ये-जा करणाऱ्या पोरांना चारही नावं सलग येत नव्हती. त्यांनी ती पाठ केली, तारखा दोन पुस्तकांत पडताळल्या, एक मुलगी तर माझ्याकडे तीनदा आली, "मॅडम, 12 च ना? नक्की ना?" म्हणत.

मी एवढंच म्हटलं, की 1931 ची तारीख आपण तीनदा तपासली, उद्याच्या पाण्याची एकदाही नाही. आणि धनशेट्टींची तारीख चुकली असती तर माझे कान उपटायला एखादे इतिहासाचे सर आले असते. पाण्याची चुकली तर एका बाईची घरच्या लग्नातली हळद गेली.

तेव्हा त्या मुलाने पहिल्यांदा मान वर केली.

मुलांना खऱ्या एफएमचं वेड आहे. इंजिनियर म्हणून ज्याला सगळे हाक मारतात त्या दहावीतल्या पोराने मध्यंतरी ट्रान्समीटरचं छोटं किट मागवू का म्हणून विचारलं होतं. परवान्याशिवाय हवेत काही सोडणं हा गुन्हा आहे, हे तेव्हा सांगितलं होतं. आज मोकळा वेळ होता म्हणून पुढचंही सांगितलं. रेडिओलहरी कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत, जनतेच्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली म्हटलं. 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना स्वतःचं केंद्र काढायची वाट मोकळी झाली, 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिलं केंद्र सुरू झालं, आणि 2006 नंतर स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळू लागला. त्यामुळे शेजारच्या माण तालुक्यात, म्हसवडला, बायका माणदेशी तरंग हा रेडिओ चालवू शकल्या. प्रक्षेपणाची ताकद साधारण शंभर वॉटपर्यंत, आवाज जातो आसपासच्या दहा-बारा किलोमीटरवर. म्हणजे आमच्या शाळेतून सोडला तर अख्खं सोलापूर.

मग हैदराबाद रस्त्यावरच्या झहीराबादजवळच्या गावाचं सांगितलं. तिथे 2008 पासून दलित शेतकरी बायका संगम रेडिओ चालवतात, तेलुगूत. आपल्या पोरींपैकी निम्म्या घरी तेलुगूच बोलतात. एक पोरगी एकदम म्हणाली, "म्हणजे आमच्या अव्वासारखं बोलतात रेडिओवर?" हो, म्हटलं, तुझ्या आजीसारखं, तस्संच.

आणि एफएमच्या नियमांतली एक गोष्ट मुद्दाम सांगितली. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, परीक्षा यांची माहिती चालते; पाणी, वीज यांच्या सूचनाही चालतात, पण त्या स्थानिक प्रशासनाकडून आलेल्या असाव्या लागतात. किराणा दुकानातून आलेल्या नव्हे. शेवटचं वाक्य मी म्हणायची गरजच नव्हती, दोघा-तिघांनी आधीच म्हणून टाकलं.

उठताना तो वाचणारा मुलगा म्हणाला, "शुक्रवारी मीच सांगतो. चूक झाली म्हणून." शुक्रवारी जागतिक रेडिओ दिन, आमचा मोठा कार्यक्रम. महिनाभर तयारी चाललीय. डॉ. कोटणीसांवर पाच मिनिटं आहेत; सोलापूरचा मुलगा चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करत 1942 साली तिकडेच गेला, हे ऐकून मुलं भारावली आहेत. मला वाटलं होतं, माफी शेवटी कुठेतरी सांगतील. मुलांनी ठरवलं, सगळ्यात आधी.

बुधवार, 11 फेब्रुवारी

एका मुलीचे आजोबा आले होते, नातीची फी भरायला. गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. रेडिओचा घोळ त्यांच्याही कानावर गेला होता. म्हणाले, "आमच्या वेळी गिरणीचा भोंगा होता बघा. भोंग्यावर लोक घड्याळ लावायचे. भोंगा देणारा चुकला तर अख्खी पाळी चुकायची." आणि मग थोडं थांबून, "पोरांना रागावू नका, मॅडम. भोंग्यावर माणूस बसवतानाही आधी शिकवायचेच की."

हे मला रात्रीपर्यंत पुरलं.

गुरुवार, 12 फेब्रुवारी

माफीचं रेकॉर्डिंग आज झालं. लिहिलेला कागद बघितला तर दीड पान. "तांत्रिक कारणास्तव", "दिलगिरी व्यक्त करतो", "गैरसोयीबद्दल" असलं सगळं त्यात आलेलं. हे शब्द पोरांनी कुठून उचलले ते कळतं, स्टेशनवरून. मी म्हटलं, त्या मावशी समोर उभ्या आहेत असं समजा. काय म्हणाल?

बराच वेळ कुणी बोलेना. मग तो म्हणाला, "पाणी आलं नाही. चूक आमची."

झालं. दीड पानाचं एवढंच उरलं.

मग अव्वावाली पोरगी म्हणाली, मराठीत सांगून काय उपयोग, ज्यांना सांगायचंय त्या तर... आणि तिने सांगितलं, "नीळ्ळु राले. मादे तप्पु." कन्नडवाला लगेच उठला, "नीरु बरलिल्ल. नम्म तप्पु." सगळे ओरडले, "तप्पु दोन्हीकडे तप्पुच!" हा शोध त्यांना एवढा आवडला की पाच मिनिटं खोलीत नुसतं तप्पु तप्पु चाललं होतं. चौथी राहिली होती ती आमच्या शास्त्रीनगरच्या पोराने भरली, "पानी नई आया. गलती हमारी."

या मुलांना वर्गात प्रमाण मराठीत बोला, नीट बोला म्हणून मीच दहा वेळा टोकलंय. दोन वर्षांत घरची भाषा माइकवर आली ती सणाच्या गाण्यांत, नाहीतर पाककृतीत. आज पहिल्यांदा ती कामाला आली. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं, इथेच जन्म गेलाय माझा.

रेकॉर्ड करायला बसलो तर लूम नेहमीसारखा चालू. इंजिनियर कानाला हेडफोन लावून वैतागलेला, "मॅडम, खालून येतंयच." तीनदा घेतलं, तीनदा पुसलं. आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, भिंतीपलीकडचे सगळे माग एकामागून एक बसले, आणि खोलीत अशी शांतता झाली की बाहेरच्या झाडावरचा कावळा ऐकू आला. इंजिनियरने नुसता हात वर केला. मोबाइलला लाइट लागत नाही. चौघं एका माइकभोवती डोकी जोडून बसली आणि अंधारात एकामागून एक बोलली. एका दमात झालं. कुणाचा आवाज थरथरला नाही, फक्त पहिल्याने 'आमची' म्हणताना आवंढा गिळला, तो ऐकू येतो. इंजिनियरने विचारलं, हा काढू का? पहिलाच म्हणाला, राहू दे.

शुक्रवार, 13 फेब्रुवारी

कार्यक्रम संध्याकाळी पाचला, शाळा सुटताना. मी मुद्दाम फाटकाशी जाऊन उभी राहिले, बायकांत.

बॉक्समधून आधी मराठी आलं. काहीजणी बोलत होत्या त्या थांबल्या. मग तेलुगू आलं, आणि माझ्या शेजारी कठड्यावर एक म्हातारी बसली होती, तिने मान वळवून बॉक्सकडे बघितलं, जसं कुणी नावाने हाक मारल्यावर बघतं तसं. कन्नड, उर्दू. सगळं मिळून अर्धं मिनिटही नसेल. नंतर कोटणीस झाले, गाणी झाली, शेंगाचटणी करणाऱ्या आजींची मुलाखत झाली. आजींनी खलबत्त्यातच कुटायची हे सांगताना माइकवरच कुटून दाखवलं. छान झालं सगळं. पण मी अर्ध्यावरच लक्ष देऊ शकले.

सोमवारच्या त्या बाई आल्या होत्या. माझ्याशी काही बोलल्या नाहीत. मुलं चादरीच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा त्या सरळ त्या आठवीतल्या मुलाकडे गेल्या. तो जागच्या जागी ताठ झाला. त्यांनी विचारलं, "मग आता कधी येतंय पाणी?"

तो म्हणाला, "मावशी, मला माहीत नाही. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्या काकांना विचारून येतो, मग सांगतो."

आणि दप्तर तसंच माझ्या हातात देऊन सायकल काढून गेला. साडेसहा होऊन गेले तरी त्या बाई फाटकाशी थांबल्या होत्या. मीही थांबले.