कणकुंबीला, अहिर शोधायला

जांबोटी मागं पडली आणि बसच्या काचा धुक्यानं पांढऱ्या झाल्या. शेजारच्या मामांनी विचारलं, "ऐन पावसात कणकुंबीला? काय काम ओ?"

"वाम मासा बघायला."

"आता कुठली ओ वाम! आम्ही पोरं होतो तवा मनगटाएवढी गावायची. हाताला राख चोळल्याबगर धरून दाखवा म्हणावं."

पाठीला काटे असलेली वाम वेगळी, तिचा सगळा संसार नदीतच. मामा सांगत होते तो अहिर, बिनकाट्याचा, आणि मला तोच हवा होता. हा जन्मतो समुद्रात. पिल्लू आधी पानासारखं चपटं, आरपार दिसणारं. किनाऱ्याला लागेस्तोवर काचेचा दोरा होतं आणि नदी चढायला लागतं, ओल्या खडकावरूनसुद्धा. मग कित्येक वर्षं गोड्या पाण्यात दगडाखाली दडून काढतो. एका पावसाळ्यात पुराबरोबर परत समुद्राकडे निघतो. अंडी घातली की खेळ खलास.

कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. ही पूर्वेला, कृष्णेत जाते. शेजारच्या डोंगरातलं महादईचं पाणी मात्र गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्र गाठतं. कर्नाटक आणि गोव्याचं या पाण्यावरचं भांडण ऐकतच मी मोठा झालो, पण त्यात कधी माशाचं नाव आलेलं आठवत नाही. मलप्रभेच्या अहिराला बंगालचा उपसागर गाठायचा तर वाटेत धरणं किती, म्हणून बोटं मोजायला लागलो: नवीलुतीर्थ, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर... एक हात तिथंच संपला. विजयवाड्याचं प्रकाशम बॅरेज अजून पुढंच.

युरोपातली वाम, म्हणजे अहिराचीच भाऊबंद, तर नामशेष व्हायच्या बेतात आहे. ती अटलांटिकातल्या सारगासो समुद्रात जन्मते. माणसाची आडकाठी नसती तर जितक्या वामी समुद्राकडे गेल्या असत्या, वजनानं त्याच्या निदान ४० टक्के तरी सुटाव्यात, असा नियम तिथं २००७ साली झाला. बंधाऱ्यांना उतरती फळी लावतात, तिच्यावर ब्रशाचे ताठ केस आणि वरून पाण्याची बारीक धार. केसांत अंग अडकवत पिल्लं वर चढतात.

हे सगळं मामांना ओढ्याकाठी, छत्री सांभाळत सांगितलं. अहिर काही दिसला नाही. गढूळ पाण्यात दिसणार तरी काय! मामा खालच्या छोट्या बंधाऱ्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"ह्येला किती ब्रश लागतील ओ?"