एकाच रेणूच्या मागे का लागता?

‘पेशीवर वासाचे हजारो ग्राही, म्हणजे गंध ओळखणारी प्रथिनं, असताना एकेकाच्या मागे का लागता? सगळे एकदम मोजा की!’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते.

आधी कबुली देते, पेशीवर हे ग्राही कसे फिरतात ते पाहण्याच्या आमच्या कामात नाक नसतं. अंधाऱ्या खोलीत, काचेवर वाढवलेल्या एचईके पेशी असतात, मूळच्या मूत्रपिंडाच्या. त्या वासाचा ग्राही बनवतात खऱ्या, पण बरेचदा तो आतच अडकतो, पृष्ठभागापर्यंत येतच नाही. मग त्याच्या टोकाला ऱ्होडॉप्सिनचा, म्हणजे डोळ्यातल्या प्रथिनाचा, छोटा तुकडा जोडायचा. डोळ्याची चिठ्ठी दाखवल्यावर नाकाचा ग्राही बाहेर पडतो, याची मला अजून गंमत वाटते.

बाहेर आलेल्या ग्राहींपैकी अगदी मोजक्यांना रंगरेणू, म्हणजे लेझरखाली चमकणारा रेणू, चिकटवतो आणि लेझरखाली पाहतो. ग्राही चार-पाच नॅनोमीटरचा, पण पडद्यावर ठिपका दिसतो साधारण २५० नॅनोमीटरचा. प्रकाश त्याहून बारीक चित्र काढू देत नाही. ठिपका एकाच रेणूचा असेल, तर त्याचा मध्य मात्र २०-३० नॅनोमीटरपर्यंत नेमका काढता येतो. तो मध्य फ्रेममागून फ्रेम जोडत गेलं की ग्राहीची वाट उमटते. काही सेकंदांचीच, कारण रंगरेणू लवकर विझतो.

आता तुमचं उत्तर. सगळ्यांचा वेग एकदम मोजला तर सरासरी मिळते, आणि ती सांगते, की ग्राही बेताच्या वेगाने फिरतात. प्रत्यक्षात त्या वेगाने जवळजवळ कुणीच फिरत नसतं! काही मोकाट भटकतात, काही इवल्याशा चौकटीत घुटमळतात, काही जागचे हलत नाहीत. गंधद्रव्य सोडल्यावर थांबलेल्यांची संख्या वाढली, तर माझे कान टवकारतात: क्लॅथ्रिन नावाचं पेशीतलं प्रथिन त्यांना गोळा करून आत ओढायच्या तयारीत असू शकतं. सरासरीत हे थांबणं म्हणजे नुसता थोडा मंदावलेला वेग.

थांबलेल्या ठिपक्याची हाव मात्र महागात पडते. सुरुवातीला अशाच एका स्थिर, देखण्या ठिपक्यावर मी दोन दिवस घालवले. एकटा रेणू विझतो तो फट्‌दिशी, एका झटक्यात. दोन असले तर दोन पायऱ्यांत. हा विझेचना. लेझर वाढवला, तरी ढिम्म. शेवटी पेशी नसलेल्या कोपऱ्याकडे काच सरकवली, तर तिथे त्याची चार भावंडं बसलेली. काचेवरची धूळ होती ती.