पाच सेकंदांचा माग: घरच्या नेटची नोंदवही

गेला महिनाभर घरात दोन तक्रारी होत्या आणि दोन्ही एकाच शब्दांत यायच्या: ‘नेट स्लो आहे.’ बाबांची तक्रार सकाळची. लॅपटॉपवर वर्तमानपत्र उघडलं की पान पांढरंच राहायचं आणि मग एका झटक्यात सगळं यायचं. आईची तक्रार रात्रीची. पुण्याच्या ताईशी व्हिडिओ कॉल चालू असताना चित्र गोठायचं, आणि त्याच वेळी कुणी काही शोधायला गेलं की चक्र फिरत बसायचं. स्पीड टेस्ट मात्र कधीही लावा, ३९-४० एमबीपीएस. प्लॅन ४०चाच आहे, येताना-जाताना सारखा. त्यामुळे फोन केला की नेटवाल्याचं उत्तर ठरलेलं: लाइन ओके आहे.

हाताशी काय होतं ते आधी सांगतो. घरापर्यंत फायबर, ऑपरेटरने बसवलेला ओएनटी, म्हणजे फायबर जिथे संपते तो डबा (राउटर आणि वायफाय त्याच डब्यात), बाबांचा जुना लॅपटॉप डेबियन लिनक्सवर, आणि माझ्याकडे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) टाकलेला एक राउटर पडून होता.

पहिल्या शनिवारी सोपी कारणं निकालात काढली. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएम दिसत होती. जीपॉनच्या (घरोघरच्या फायबरची पद्धत) नेहमीच्या उपकरणांना उणे २७पर्यंत चालतं, म्हणजे फायबर कुठे दबलेली नव्हती. लॅपटॉपला लॅन केबल लावून पाहिलं, त्रास जसाच्या तसा. वायफाय यातून सुटलं.

मग कर्ल या वेबपान मागवणाऱ्या कमांडची छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर पाच मिनिटांनी आठ साइटना हाक मारायची आणि प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा नोंदवायचा: नाव शोधणं (साइटच्या नावावरून तिचा पत्ता डीएनएसला विचारणं), टीसीपी जोडणी (सर्व्हरशी संपर्क), टीएलएस (सुरक्षित बोलणं ठरवणं), पहिला बाइट, एकूण. हे कर्लमध्ये आधीपासूनच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्येही हेच दिसतं, पण तिथे समोर बसून राहावं लागतं आणि बाबांची अडचण मी समोर बसलो की नेमकी येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद उघडली आणि उत्तर समोरच होतं. बहुतेक ओळींत नाव शोधायला ०.०२ ते ०.०४ सेकंद. मधूनच ५.०२. मग पुन्हा ०.०३. मग ५.०३. बाकीचे टप्पे सगळीकडे नीट. गर्दीमुळे उशीर झाला असता तर आकडे दोन, साडेतीन, सात असे विखुरले असते. दर वेळी नेमके पाच येतात म्हणजे कुणीतरी उत्तराची वाट बघून ठरलेल्या वेळी कंटाळतंय. लिनक्सच्या ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीमध्ये डीएनएस उत्तराची वाट बघण्याची मुदत मुळातच पाच सेकंदांची आहे.

टीसीपीडम्प (नेटवरची ये-जा दाखवणारं साधन) लावून ५३ क्रमांकाच्या, म्हणजे डीएनएसच्या पोर्टवरची ये-जा पाहिली. प्रत्येक नावासाठी लॅपटॉप दोन प्रश्न एकापाठोपाठ, एकाच सॉकेटमधून पाठवतो: आयपीव्ही४चा (जुन्या पद्धतीचा) पत्ता काय आणि आयपीव्ही६चा (नव्या पद्धतीचा) पत्ता काय. ज्या वेळी गाडी अडायची, त्या वेळी प्रश्न दोन गेलेले आणि उत्तर एकच आलेलं. दुसरं उत्तर ओएनटीमधला डीएनएस प्रॉक्सी (प्रश्न-उत्तरं इकडून तिकडे देणारा मध्यस्थ) गिळत होता. आयपीव्ही४चा पत्ता हातात असूनही ग्लिबसी दुसऱ्या उत्तरासाठी पाच सेकंद थांबतं, मग पुन्हा विचारतं, आणि या खेपेला उत्तर लगेच येतं. हे पाहिलं तेव्हा खूप आनंद झाला. महिनाभर ‘स्लो’ म्हणून जे ऐकत होतो ते डोळ्यांसमोर दोन ओळींत होतं.

हा दोष जुना आहे. ग्लिबसी २.९ आल्यापासून, म्हणजे २००८पासून, हे दोन प्रश्न बरोबरच जातात, आणि काही स्वस्त उपकरणांना ते झेपत नाही. म्हणूनच एका वेळी एकच प्रश्न पाठवणारा ‘सिंगल-रिक्वेस्ट’ नावाचा पर्याय ठेवलेला आहे. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या डीएनएसच्या सेटिंग फाइलमध्ये तो लिहिला आणि पाचचा आकडा नोंदीतून नाहीसा झाला. लॅपटॉप बंद करून चालू केल्यावर परत आला, कारण ती फाइल नेटवर्क मॅनेजर दर वेळी नव्याने लिहितो.

दोन कोडी इथेच सुटली. स्पीड टेस्टला हे का दिसत नव्हतं? ती एखाद-दोन नावं शोधते आणि मग त्याच जोडण्यांवरून डेटा ओतत राहते. वर्तमानपत्राचं पान फोटो, फाँट, जाहिराती यांसाठी कितीतरी वेगवेगळी नावं शोधतं, आणि त्यातल्या प्रत्येक नव्या नावाला पाच सेकंदांचा धोका. माझ्या फोनला त्रास का नव्हता? त्यात अँड्रॉइडचा प्रायव्हेट डीएनएस चालू होता. त्यामुळे माझे प्रश्न ओएनटीच्या प्रॉक्सीकडे जातच नव्हते. मी आठवडाभर बाबांना ‘माझ्याकडे तर नीट चालतंय’ म्हणत होतो, ते चूक होतं.

दुसऱ्या आठवड्यात ऑपरेटरला विनंती करून ओएनटी ब्रिज मोडवर घेतला, म्हणजे त्यातलं राउटरचं काम बंद करून ते माझ्या राउटरकडे दिलं. आलेला मुलगा फार मदतीचा निघाला, पीपीपीओईचं (ऑपरेटरकडे लॉगिन करून नेट जोडण्याची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक सगळं लिहून दिलं. आता डायल माझा राउटर करतो आणि नावं त्यातला डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम शोधतो. त्या दिवसापासून ५.०२ एकदाही आलेलं नाही.

पण नवीनच दुखणं निघालं. आठपैकी दोन साइट टीएलएसच्या टप्प्यावर अडकू लागल्या. जोडणी व्हायची आणि पुढे काहीच नाही. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले (डेटाच्या पुडीतले) ८ बाइट स्वतःसाठी घेतो, म्हणून जास्तीत जास्त १५०० बाइटच्या जागी १४९२च उरतात. तुकडे न करण्याची अट घालून पिंग केलं, म्हणजे चाचणीचं पॅकेट पाठवून पाहिलं: १४६४ गेलं, १४६५ अडलं. १४६४मध्ये पॅकेटच्या हेडरचे २८ मिळवले की १४९२, हिशेब चोख. लहान पॅकेट सुखरूप येतात, सर्व्हर प्रमाणपत्राचं मोठं पॅकेट पाठवतो तेव्हा ते वाटेत पडतं, आणि ‘आकार कमी कर’ हा आयसीएमपीचा निरोप मधली एखादी फायरवॉल सर्व्हरपर्यंत पोचू देत नाही. मी फायरवॉलमध्ये नवीन झोन बनवताना एमएसएस क्लॅम्पिंगची (जोडणी होतानाच लहान पॅकेट ठरवून घेण्याची) खूण करायला विसरलो होतो. ती केली, दोन्ही साइट लगेच उघडल्या. ब्रिज मोडवर जाणाऱ्या प्रत्येकाने ही खूण आधी तपासावी.

आता आईची रात्रीची तक्रार. रिकाम्या लाइनवर पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) ९ मिलिसेकंद. माझ्या फोनचा फोटो बॅकअप मुद्दाम सुरू केला आणि पिंग २६०वर गेला. बॅकअप रात्री चार्जिंगला लावल्यावर सुरू होतो, आणि ताईचा फोनही त्याच वेळी येतो. जाणारी पॅकेट ऑपरेटरच्या बाजूच्या किंवा ओएनटीच्या लांबलचक रांगेत उभी राहतात. कॉलचं चिमुकलं पॅकेट फोटोंच्या मागे, आणि पान मागणारी विनंतीही त्यांच्याच मागे. प्रोग्रामर जिम गेटिस यांना हा प्रकार २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीवर दिसला आणि त्यांनी त्याला बफरब्लोट हे नाव दिलं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल हे रांग सांभाळण्याचं तंत्र मांडलं. रांगेची लांबी न मोजता पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजायचं, ही त्यातली कल्पना मला फार आवडते. केक त्याच घराण्यातला, आणि ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएमचं (रांगांच्या व्यवस्थेचं) पॅकेज टाकलं की मिळतो.

दोन्ही दिशांना ३६ एमबीपीएसची मर्यादा घातली. लाइनच्या वेगापेक्षा थोडं कमीच ठेवावं लागतं, म्हणजे रांग आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिची व्यवस्था आपल्या हातात राहते. हार्डवेअर ऑफलोडिंगची खूणही काढली, नाहीतर पॅकेट केकला वळसा घालून निघून जातात. त्यानंतर बॅकअप चालू असताना पिंग १४. स्पीड टेस्टमधले तीन-चार एमबीपीएस गेले, ते मी खुशीने सोडले.

परवा रात्री बॅकअप आणि ताईचा कॉल दोन्ही चाळीस मिनिटं एकत्र चालले. आईने मध्येच विचारलं, “अरे, तू काही बंद केलंयस का?” काहीच बंद नव्हतं.

नोंदीत अजून एक साइट दर वेळी पहिल्या बाइटला १.३ सेकंद घेते. नाव, जोडणी, टीएलएस सगळं झटपट होतं, म्हणजे वेळ त्यांच्या सर्व्हरवर जातोय आणि घरून त्याला इलाज नाही. स्क्रिप्ट मात्र चालूच ठेवली आहे. पुढच्या शनिवारी ऑपरेटरकडून आयपीव्ही६ मिळतंय का ते विचारणार आहे. मिळालं तर त्याच आठ साइटचे आकडे पुन्हा घेईन.