वरवंटा आणि बंदूक

“ज्याला मारायचंच आहे तो वरवंटासुद्धा उचलेल.” बंदुकीचा विषय निघाला की आमच्या ग्वाल्हेरात हे हमखास ऐकायला मिळतं, मराठी घरांतही. मला ते पटत नाही. इथल्या लष्कर नावाच्या भागातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात मी परिचारिका होते. लाठीने, फरशाने मारलेले आणि गोळी लागलेले, दोन्ही प्रकारचे लोक मी जवळून पाहिलेत.

लाठी खाल्लेला येतो तो बहुधा डोकं फुटलेला आणि शिव्या देत. टाके पडतात, प्लॅस्टर चढतं. दोन-तीन दिवसांनी ज्या भावाने मारलं तोच चहाचा थर्मास घेऊन वॉर्डाबाहेर उभा असतो. चाकूवालेही पुष्कळ वाचत. चाकू मारायला जवळ यावं लागतं, तेवढ्यात मधे कोणीतरी पडतं. बारा बोरच्या बंदुकीचे छर्रे जवळून सुटले तर ते पसरायच्या आत एकगठ्ठा शरीरात शिरतात; आतडं, यकृत, रक्तवाहिनी, जे समोर येईल ते फाटतं. शेजारच्या भिंड-मुरैना जिल्ह्यांकडून गाडी येईपर्यंत पोटात रक्त साठलेलं असे. भांडण मात्र दोन्हीकडे तेच: बांधाचं, नळाच्या पाण्याचं, उधारीचं, कोण कोणाला काय म्हणालं त्याचं.

फ्रँकलिन झिमरिंग या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ साली शिकागोच्या पोलीस नोंदींवरून हेच दाखवलं होतं. चाकूच्या हल्ल्यापेक्षा बंदुकीच्या हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण सुमारे पाचपट निघालं, आणि हल्ल्यांमागची कारणं बरीचशी सारखीच होती. आपल्याकडचे आकडेही पाहा. २०२२ साली भारतात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांत वादावादीतून झालेले ९,९६२, वैरातून ३,७६१ आणि पैशाच्या वगैरे लोभाने केलेले १,८८४. म्हणजे सर्वांत मोठा गठ्ठा भांडणांचा. भांडणात हाताला काय लागतं यावर सकाळी समेट होणार की पंचनामा, हे ठरतं.

आणि ठरवून केलेला खून? तिथेही हत्यार मिळणं न मिळणं महत्त्वाचं असतं, आणि हे आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना कोणी बाहेरून सांगायला नको. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनातला गांधीजींच्या हत्येचा प्रयत्न फसला. कट होता, माणसं होती, द्वेष तर भरपूर होता; पण त्यांच्याजवळची रिव्हॉल्व्हरं धड चालत नव्हती. चालणारं हत्यार शोधत नथुराम गोडसे आणि नारायण आपटे आमच्या गावात आले आणि २८ जानेवारीला इथून बेरेटा पिस्तूल घेऊन गेले. आमच्या घरांत या विषयावर आवाज खाली येतो. येऊ नये. वरवंट्याचं बोलणाऱ्या प्रत्येकाला मी हे ऐकवते.

आता जगाचं. स्मॉल आर्म्स सर्व्हे या स्वित्झर्लंडमधल्या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार अमेरिकेत शंभर माणसांमागे १२० बंदुका आहेत, भारतात पाच. इतर श्रीमंत देशांशी तुलना केली तर चोऱ्यामाऱ्या नि हाणामाऱ्या अमेरिकेत काही फार वेगळ्या प्रमाणात नाहीत. खून मात्र कितीतरी जास्त. पण बंदुका मोजल्या की खून कळले, असं सरळ गणित नाही. स्वित्झर्लंडमध्ये शंभरामागे पंचवीसहून अधिक बंदुका आहेत आणि खून फारच थोडे. तिथे बंदुकीचा संबंध सैनिकी प्रशिक्षणाशी आहे, आणि घरी ठेवायला काडतुसं देणंही त्यांनी २००७ पासून थांबवलं. उलट एल साल्वादोरमध्ये बंदुका अमेरिकेपेक्षा किती तरी कमी, तरी २०१५ साली लाखामागे शंभराहून जास्त खून झाले, कारण रस्त्यावर टोळ्यांचं राज्य होतं. खून वाढले की घाबरून लोक बंदुका घेतात, हेही खरं. तरीसुद्धा सारख्या परिस्थितीतली दोन घरं घेतली तर?

आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तसंच केलं. ज्या घरांत खून झाला त्यांची त्याच वस्तीतल्या दुसऱ्या घरांशी तुलना केली. दारू, भांडणं, अमली पदार्थ हे सगळं हिशेबात घेऊनही, बंदूक असलेल्या घरात खुनाचा धोका सुमारे २.७ पट निघाला, आणि वाढलेला धोका बहुतांशी घरच्यांकडून किंवा ओळखीच्यांकडून होता. दरवडेखोराकडून नव्हे.

हे मी माझ्या भाच्याला वाचून दाखवलं. माझे दादा गेल्यापासून त्यांची दुनाली बंदूक शस्त्रविक्रेत्याकडे जमा आहे आणि वारस म्हणून ती त्याला आपल्या नावावर हवी आहे. “आत्या, कपाटात कुलपात राहील, काढणार कोण?” असं तो म्हणतो. कुलपाची किल्ली घरच्यांनाच ठाऊक असते. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. परीक्षेत नापास झालेल्या पोराची एक वाईट रात्र सरून जाते, घरात तसं काही हाताशी नसेल तर. वहिनीच्या नाहरकत सहीवाचून अर्ज पुढे जाणार नाही, आणि सही करू नकोस, असं मी तिला स्पष्ट सांगितलंय.

“खून तर गावठी कट्ट्यांनी होतात, लायसन्सवाल्यांना का छळता?” असाही एक प्रश्न येतो. देशात गोळीने होणारे बहुतेक खून बेकायदा हत्यारांनी होतात, हे खरंच आहे. पण कट्टा लोहाराच्या भट्टीत बनतो, काडतूस बनत नाही. बारा बोर आणि ३१५ बोरचे कट्टे कारखान्यातली काडतुसं मागतात, आणि ती लायसन्सवर उचललेल्या कोट्यातूनही झिरपतात. म्हणून लायसन्स देताना झाडं लावायला सांगणं मला पुरेसं वाटत नाही (२०१९ मध्ये आमच्या जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जदारांना दहा रोपं लावून सेल्फी द्यायला सांगितलं होतं, त्याआधी २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदीच्या बदल्यात लायसन्स देऊ केलं होतं). वापरलेल्या प्रत्येक काडतुसाची रिकामी पुंगळी परत घेतल्याशिवाय नवं देऊ नये, आणि तो हिशेब खरोखर तपासावा.

दुसरी मागणी लग्नांची. निवडणूक जाहीर झाली की इथे लायसन्सच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात, आणि लोक रांगेत उभे राहून करतात. कोणाची इज्जत जात नाही. हर्ष फायरिंगला, म्हणजे आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलंय, तरी वरातीत गोळी सुटते आणि गच्चीवरून पाहणाऱ्या बाईला किंवा बँडवाल्याला लागते. शिक्षा नंतरची गोष्ट झाली. ज्या घरी लग्न आहे त्या घरची आणि जवळच्या नातलगांची बंदूक निवडणुकीसारखीच ठाण्यात जमा व्हावी. तुळशीची लग्नं लागायच्या आधीच तसा आदेश निघावा, म्हणून मी कलेक्टर कचेरीत अर्ज देणार आहे; लष्करातल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी मला कळवा.