कडी आतल्या बाजूला

कळव्याच्या खोलीत येऊन चौथा महिना. अजूनही दारापाशी थांबतो, कुणी उघडेल म्हणून. पुतणी हसते, "काका, कडी तुमच्याच बाजूला आहे!"

नऊ वर्षं आत होतो. सुटलो त्या दिवशी रिक्षावाल्याने पैशांसाठी स्कॅनर पुढे केला. माझ्याकडे मोबाइलच नव्हता.

आता रविवारी कच्च्या कैद्यांच्या घरच्यांना अर्ज लिहून देतो. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ४७९ आलंय: आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर बंधपत्रावर, म्हणजे कोर्टात हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सुटका. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि एकाहून जास्त केसेस असतील तर तेही नाही. कोर्टाकडे अर्ज करायचं काम खरं तर तुरुंग अधीक्षकाचं. (खरं तर!)

काल मुंब्र्याहून एक मावशी आल्या. पोराच्या अटकेची तारीख त्यांनी रेशनकार्डाच्या मागे लिहून ठेवली होती.