सीताफळाची हाताने सेटिंग आणि मृगाचं गणित

सीताफळाला फुलं भरपूर लागतात, टिकतात मोजकी. बार्शी-मोहोळकडच्या बागांत एप्रिल-मेमध्ये झाडाखाली फुलांचा सडा पडला की टॉनिक आणि संजीवकांची (वाढीच्या औषधांची) खरेदी सुरू होते. बहुतेक वेळा तो पैसा वाया जातो, कारण दुखणं वेगळंच असतं.

सीताफळाचं एकच फूल आधी मादी असतं, मग नर होतं. मादी अवस्थेत तीन जाड पाकळ्यांमध्ये जेमतेम फट पडते. आतल्या छोट्या शंकूवर चिकट ओल चमकते, पण पराग अजून सुटलेला नसतो. पराग सुटेपर्यंत ती ओल सुकून जाते. मधमाश्या या फुलाकडे फारशा येत नाहीत. फटीतून आत शिरणारे बारीक भुंगेरेच पराग नेतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी पडते, तेव्हा भुंगेरेही कमी असतात आणि शंकूही लवकर सुकतो.

म्हणून हाताने सेटिंग, म्हणजे पराग आपणच ब्रशने फुलाला लावून फळ धरवायचं. आदल्या संध्याकाळी पूर्ण वाढलेली, पाकळ्या सैल होऊ लागलेली फुलं तोडायची. शक्यतो शेंड्याकडच्या बारीक काड्यांवरची, कारण तिथलं फळ तसंही नीट पोसत नाही. घरात वर्तमानपत्रावर एकाच थरात पसरायची. प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच ठेवू नका, ओल धरून परागाच्या गुठळ्या होतात. सकाळपर्यंत पाकळ्या उघडतात, पांढरट पुंकेसर तपकिरी पडून मोकळे होतात. फूल ताटलीवर उलटं धरून टिचकी मारली की ते गळतात. चहाच्या गाळणीने चाळून पराग कोरड्या डबीत घ्यायचा आणि डबी सावलीत ठेवायची. एका फुलाचा पराग तीन-चार फुलांना पुरतो. उरलेला उद्यासाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही, त्याचा जीव लवकर जातो.

सकाळी ६ ते ९ ही कामाची वेळ. चित्रकलेचा २ किंवा ३ नंबरचा मऊ ब्रश घ्या. झाडावरचं मादी अवस्थेतलं फूल डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून पाकळ्या हलकेच फाकवा, तोडू नका. त्यांच्या आडोशानेच आतली ओल टिकते. पराग लावलेला ब्रश शंकूभोवती पूर्ण फिरवा. इथेच घाई नडते. सीताफळाच्या सालीवरचा प्रत्येक डोळा म्हणजे वेगळा स्त्रीकेसर. ज्या बाजूला पराग पोचला नाही तिथले डोळे भरत नाहीत आणि फळ वाकडं होतं. बाजारात वाकड्या फळाला कोण विचारतं? जाड फांद्यांवरची, खोडाजवळची फुलं निवडा आणि फांदीला सुतळी बांधा, म्हणजे कुठे हात फिरला ते कळेल. पाऊस पडून फुलं ओली असतील त्या सकाळी काम थांबवा.

आता हंगाम. आमचं ठाम मत आहे की भर उन्हाळ्यातल्या फुलांवर मजुरी घालू नये. जानेवारीपासून ताण द्यावा, म्हणजे पाणी तोडावं; मेच्या मध्याला हलकी छाटणी करून पाणी सोडावं. महिना-सव्वा महिन्यात, म्हणजे मृगाचा पाऊस होऊन हवेत ओलावा आल्यावर फुलं येतात. तिथून ११० ते १२० दिवसांत, ऑक्टोबरमध्ये फळ तोडणीला येतं. उशिराचा माल हवा असेल तर जूनअखेर शेंडे खुडा आणि खुडलेल्या टोकाखालची चार-पाच पानंही काढा. फांदीवरचा फुटीचा डोळा पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. पान असेतो तो सहसा फुटत नाही. देठ काढलात की खाली लवदार, हिरवट टोक दिसेल. नव्या फुटीबरोबर फूलही तिथूनच निघतं.

ऑगस्ट संपल्यावर मात्र सेटिंग बंद करा. त्यानंतरचं फळ थंडीत सापडतं, वाढ मंदावते, साल काळपट पडते आणि फळ नीट मऊ होत नाही.

सेटिंग झालेल्या फुलाच्या पाकळ्या गळून हिरवी गाठ उरते. ती सुपारीएवढी झाली की वाकडी आणि जोडीने लागलेली फळं काढून टाका. पिठ्या ढेकूण ही पांढरी, रस शोषणारी कीड आधी जोडफळांच्या बेचक्यातच घर करते.